कुर्त्याच्या चुण्या आणि बेहडाची माती

जबलपूरच्या दक्षिणेला, ग्वारीघाट मागे टाकून नर्मदा भेडाघाटाच्या संगमरवरी कड्यांकडे निघते त्या टप्प्यावर तिलवारा घाट आहे, आणि इथल्या पुलावरून नदी ओलांडून सिवनीमार्गे नागपूरकडे जाणारा हमरस्ता हा उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांना जोडणाऱ्या जुन्या वाटांचा वारस आहे. मकरसंक्रांतीची जत्रा आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये येथे झालेले गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन यांमुळे घाटाचे नाव सर्वांना ठाऊक असते; परंतु चित्रकथेतील दरोडेखोराचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला या वाटेचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाटते. १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आलेला हा मुलूख १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, आणि पुढे विल्यम हेन्री स्लीमन या अधिकाऱ्याने जबलपूर हे ठगांच्या बंदोबस्ताचे केंद्र केले. वाटसरूंशी सलगी करून रुमालाने त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांविषयीचे त्याचे ‘रामासीआना’ हे पुस्तक १८३६ मध्ये कलकत्त्यात छापले गेले, फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरी १८३९ मध्ये आली, आणि माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली, जिथे गालिचे आणि तंबू तयार होत. या वर्णनांतला इतिहास किती आणि राज्यकर्त्यांच्या कल्पनेची भर किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मात्र भारतीय वाटमाऱ्याचे जे चित्र पाश्चात्त्य वाचकाच्या मनात पुढे दीर्घकाळ राहिले, त्याचा मोठा भाग जबलपूरच्या कचेऱ्यांत लिहिलेल्या कागदांतून आला, याविषयी फारसा वाद नाही. आणि त्या चित्रात रान ओसाड, गावकरी मुके आणि कायदा बाहेरून आलेला असे.

या चित्राला उत्तर देणारी चित्रकथा मध्य प्रदेशाच्याच भूमीवर बेतून, परंतु मुंबईत, १९७६ मध्ये तयार झाली. ‘बहादूर’ हे तिचे नाव. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया आणि प्रकाशन ‘इंद्रजाल कॉमिक्स’. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली आणि १९९० पर्यंत चाललेली ही मालिका इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतून निघे, त्यामुळे जबलपूरसारख्या ठिकाणच्या मराठी घराला तीच गोष्ट शाळेच्या भाषेत आणि घरच्या भाषेत अशी दोन्हीकडून वाचता येत असे. ली फॉक यांचे वेताळ आणि मँड्रेक हे या मालिकेचे आधारस्तंभ होते, आणि त्यांच्या सोबतीने फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर, गार्थ हे पाश्चात्त्य नायक भारतीय भाषा बोलू लागले. या पंक्तीत बसवलेला पहिला महत्त्वाचा भारतीय नायक म्हणजे बहादूर. त्याच्या कथेची आठवण आजही अनेकांना असते: बाप दरोडेखोर, तो पोलीस अधिकारी विशालच्या गोळीने मरतो, मुलगा सूड घ्यायचे ठरवतो, पण ज्याचा सूड घ्यायचा त्याच विशालच्या छायेत वाढताना बापाच्या मार्गाने किती घरे उद्ध्वस्त झाली हे त्याला कळते, आणि मग जयगढ या कल्पित गावी तो नागरिकांचे स्वतःचे सुरक्षा दल उभारतो. कथा अशी आठवते, त्याची साथीदार बेला हिचे नाव आठवते, भगवा कुर्ता आणि निळी जीन्स आठवते. मात्र हे सारे ज्या हाताने डोळ्यांसमोर उभे केले त्या हाताविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, आणि ही उणीव साधी नाही.

मराठी वाचकाला चित्राची नजर नव्हती, असे कारण येथे देता येत नाही. दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांना दिलेली लय, रघुवीर मुळगावकरांच्या देवादिकांवरील मऊ प्रकाश, शि. द. फडणिसांच्या शब्दाविना बोलणाऱ्या हास्यचित्रांतील स्वच्छ रंग यांवर मराठी घरांनी मनापासून प्रेम केले आणि त्यांविषयी लिहिलेही. परंतु चित्रकथा ही मुलांची वस्तू, स्वस्त कागदावर छापलेली, वाचून रद्दीत जाणारी, आणि शिवाय बाहेरून आलेली मानली गेल्यामुळे तिच्यातील रेखाटनाकडे कलाकृती म्हणून पाहण्याची सवय लागली नाही. पुण्याच्या प्रताप मुळीकांना आणि ‘अमर चित्र कथा’साठी कृष्ण रेखाटणाऱ्या राम वाईरकरांना पुराणकथा आणि इतिहास यांच्या आधाराने थोडीबहुत ओळख मिळाली, समकालीन गावातल्या एका तरुणाची साहसकथा काढणाऱ्या गोविंदांच्या वाट्याला तेवढाही आधार आला नाही.

त्यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी, ज्याचे घोडे, बंदुका आणि पाठलाग बहादूरने उचलले त्या ‘वेस्टर्न’ या प्रकाराकडे वळणे भाग आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकात झालेल्या वसाहतींच्या काळातील घोडेस्वार, गुराखी, दरोडेखोर आणि शेरीफ यांच्या कथांना वेस्टर्न म्हणतात. शेरीफ म्हणजे परगण्याचा, बहुधा लोकांनी निवडलेला, कायद्याचा अधिकारी. चित्रपटांनी हा प्रकार जगभर नेला, आणि त्यांच्या प्रकाशात त्याच काळातील वृत्तपत्री चित्रपट्ट्या झाकोळल्या. चित्रपट्टी म्हणजे वृत्तपत्रात रोज तीन-चार चौकटींत पुढे सरकणारी चित्रकथा. कोलोरॅडोच्या कुरणांशी जवळचे नाते असलेल्या फ्रेड हारमन यांची ‘रेड रायडर’ १९३८ मध्ये सुरू झाली. वॉरन टफ्ट्स यांनी १९५५ ते १९६० या काळात ‘लान्स’ ही पट्टी स्वतःच वितरित करून चालवली, आणि तिच्या आरंभीच्या रविवारच्या पानांवर मैदाने, घोडदळ आणि आकाश यांना जी ऐसपैस जागा दिली ती त्या प्रकारातील उत्तम रेखाटनांत गणावी अशी आहे. लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये १९५५ ते १९७७ पर्यंत चाललेली टोनी वेअर यांची ‘मॅट मॅरियट’ तर इंग्लंडबाहेर फारशी गाजलीही नाही, आणि तरीही तिच्यातील ओल्या कुंचल्याच्या झटपट फटकाऱ्यांत धूळ, घाम आणि घोड्याच्या मानेचा ताण जसा उतरतो तसा तो अधिक गाजलेल्या अनेक कामांत उतरत नाही.

या प्रकाराविषयी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते, आणि ती बहादूरला समजून घेण्यासाठी कळीची आहे: अमेरिकेच्या पश्चिमेची अनेक उत्तम चित्रे ती भूमी दूर असलेल्या माणसांनी काढली. ओ. हेन्रीच्या १९०७ मधील एका कथेतून निघालेला ‘सिस्को किड’ १९५१ ते १९६८ या काळात होसे लुईस सालिनास यांनी ब्युनॉस आयर्समध्ये राहून रेखाटला. इटलीत १९४८ मध्ये बोनेली आणि गालेप्पिनी यांनी ‘टेक्स’ निर्माण केला. फ्रान्समध्ये १९६३ पासून शार्लिए आणि जाँ जिरो यांचा ‘ब्लूबेरी’ आला. आणि वेअर तर लंडनच्या वाचकांसाठीच काढत होते. दूर असलेला चित्रकार जमीन नव्याने शोधतो, तिचे नियम मनाने ठरवतो आणि ते नियम पाळतो. म्हणूनच त्याच्या चित्रातली भूमी कधीकधी स्थानिकाच्या चित्रापेक्षा अधिक सुसंगत असते. मुंबईच्या प्रकाशनासाठी बहादूरचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या चंबळ नदीकाठचा, मुलूख उभा करणारे गोविंद याच परंपरेत बसतात, आणि तरीही एका बाबतीत ते सर्वांहून वेगळे ठरतात, कारण ज्या भूमीचे ते चित्र काढत होते तिच्याविषयी त्यांच्या वाचकांपैकी पुष्कळांना रोजच्या वर्तमानपत्रातून बातमी मिळत होती.

ती बातमी त्या काळात ताजी होती. मे १९६० मध्ये विनोबा भाव्यांनी भिंड-मुरैना भागात पदयात्रा केली तेव्हा लोकमन ऊर्फ लुक्का याच्यासह वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या आणि पवनारला आश्रम असलेल्या या मराठी संन्याशासमोर चंबळची बंदूक खाली ठेवली जावी, ही घटना मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. पुढे एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथील गांधी आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोहरसिंह, माधोसिंह आणि त्यांच्या साथीदारांनी आत्मसमर्पण केले. दरोडेखोर हा ठार मारण्याचा प्राणी नसून परत येऊ शकणारा माणूस आहे, ही कल्पना त्या दशकात केवळ सर्वोदयी भाषणांत न राहता प्रत्यक्ष छायाचित्रांत दिसू लागली होती: खांद्यावर काडतुसांचा पट्टा, चेहऱ्यावर थकवा, हातात बंदूक आणि समोर गांधीजींची तसबीर. ऑगस्ट १९७५ मध्ये ‘शोले’ने मात्र दरोडेखोराला पुन्हा निखळ दुष्टतेचे रूप दिले, आणि त्याचे रान कर्नाटकातल्या रामनगरच्या ग्रॅनाइटच्या खडकांत चित्रित झाले. त्यानंतर वर्षभराने आलेल्या बहादूरसमोर अशी दोन परस्परविरोधी चित्रे होती, आणि दरोडेखोराचा मुलगाच नायक करून आबिद सुरतींनी कथेच्या पातळीवर पहिल्या चित्राची बाजू घेतली. ती बाजू रेषेच्या पातळीवर कशी घ्यायची, हा प्रश्न गोविंदांचा होता.

सुरती हे स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार असल्यामुळे त्यांनी नायकाला जो वेश दिला त्यात चित्रकाराची दृष्टी आहे, परंतु त्या वेशाने गोविंदांपुढे एक कठीण काम ठेवले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. वेताळ अंगाला चिकटलेला पोशाख घालतो. त्याच्यासारखा नायक काढताना चित्रकार खरे तर उघडे शरीरच काढत असतो, कारण छाती, दंड आणि पाठ यांच्या स्नायूंची बाह्यरेषा काढली की पोशाख आपोआप होतो आणि हालचाल स्नायूंवरून कळते. बहादूरच्या अंगात सैल कुर्ता आहे. सैल कापडाखाली शरीर झाकले जाते, आणि धावणारा, वळणारा, झेप घेणारा माणूस दाखवायचा तर ती हालचाल कापडाच्या चुण्यांतून सांगावी लागते: खांद्यापासून कमरेपर्यंत ओढ कुठून कुठे जाते, पाऊल उचलल्यावर कुर्त्याचा घेर मागे किती राहतो, ठोसा मारताना काखेपाशी किती घड्या पडतात. एक चुणी चुकली तर आतले शरीर मोडल्यासारखे दिसते, आणि चुण्या फार झाल्या तर नायक कापडाचे गाठोडे वाटतो. गोविंद येथे मोजक्या रेषांवर विसंबतात. ताणाच्या जागी कुंचल्याची रेष जाड होते, सैल जागी ती बारीक होऊन विरते, आणि मधला मोठा भाग ते रंगासाठी मोकळा सोडतात. चित्रकलेत याला रेषेचा भार म्हणतात: एकाच फटकाऱ्यात दाब कमीजास्त करून रेषेला वजन देणे. टाकाच्या, म्हणजे दौतीत बुडवून वापरायच्या निबाच्या, रेषेला असा भार मर्यादेतच येतो. कुंचल्याच्या रेषेला तो मनसोक्त देता येतो, परंतु त्यासाठी हात न थांबता चालावा लागतो.

मोकळ्या सोडलेल्या त्या भागात भगवा रंग येई, आणि त्याचे कामही केवळ सजावटीचे नव्हते. चित्रकथांची रंगीत छपाई चार शायांनी होत असे: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. बाकीचे सारे रंग या चौघींच्या ठिपक्यांच्या मिश्रणातून मिळवावे लागत, आणि त्या छापा एकमेकींवर नेमक्या न बसल्या तर हिरव्या झाडीला पिवळी कड आणि तपकिरी चेहऱ्याला लाल सावली दिसू लागे. भगव्यासाठी मात्र पिवळी आणि किरमिजी एवढ्या दोनच शाया पुरतात, त्यामुळे छपाई ढिली झाली तरी तो रंग फारसा बिघडत नाही. मातकट, धुळकट पार्श्वभूमीवर हा सपाट भगवा तुकडा पानाच्या कुठल्याही कोपऱ्यात असला तरी डोळा प्रथम तिथेच जातो. गर्दीच्या चौकटीत नायकाला आकाराने मोठे न करता, इतर माणसांच्याच उंचीचा ठेवूनही ओळखता यावे, ही सोय या रंगाने झाली. आणि ज्या कथेचा गाभाच गावकऱ्यांनी मिळून स्वतःचे रक्षण करणे हा आहे, तिच्यात नायक सर्वांच्या उंचीचा दिसणे हा अर्थाचा भाग आहे.

भूमीच्या चित्रणात गोविंदांपुढची अडचण याहून मोठी होती. अमेरिकी वेस्टर्नचा निसर्ग हा क्षितिजाचा निसर्ग आहे. सपाट मैदान, दूरवर उभे कडे, आणि मैलभर अंतरावरून दिसणारा एकटा घोडेस्वार. पट्टीच्या आडव्या चौकटीला हा निसर्ग अगदी सोयीचा पडतो, आणि टफ्ट्स किंवा हारमन यांच्या चित्रांतला अवकाश याच सोयीतून उमलतो. चंबळच्या काठच्या बेहडात क्षितिजच नाहीसे होते. बेहड म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या मऊ जमिनीला पावसाच्या ओघळींनी पाडलेल्या घळींचे जाळे. वरून पाहणाऱ्याला ते सपाट शेतांना अचानक तडे गेल्यासारखे दिसते, आणि आत उतरलेल्या माणसाला दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, पुढे एक वळण आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी, एवढेच दिसते. येथे शत्रू मैलभरावरून दिसत नाही. तो वळणापलीकडे, हाताच्या अंतरावर असतो. म्हणून या भूमीची चौकट उभी आणि कोंदट असावी लागते, जवळची भिंत गडद आणि चौकटीच्या कडेपर्यंत ताणलेली असावी लागते, आणि प्रकाश मधल्या फटीतून यावा लागतो. बहादूरच्या पानांवर काळ्या शाईचे जे मोठे ठसे दिसतात, ते या दृष्टीने पाहिले तर केवळ नाट्यासाठी घातलेले वाटत नाहीत, कारण त्यांच्यामुळेच वाचकाला अंतर कळते.

मातीची आणखी एक अडचण जबलपूरच्या परिसरात वावरणाऱ्याला लगेच पटेल. मदनमहालच्या टेकडीवरचे ग्रॅनाइटचे गोटे किंवा भेडाघाटचे संगमरवरी कडे यांना ठाम कडा असतात. सावली कुठे संपते आणि उजेड कुठे सुरू होतो हे दगड स्वतःच सांगतो आणि चित्रकाराने तेवढे ऐकले तरी पुरते. नर्मदेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थरही आहेत, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या उतारांवर ओघळींनी कोरलेल्या घळी पाहिल्या की मातीला दगडासारखी कड नसते हे ध्यानात येते. तिच्यावर सावली हळूहळू दाटते, उतारावर बारीक रेघा सुटतात, आणि माथ्यावरचे खुरटे गवत आकाशाला अनिश्चित किनार देते. हे दाखवण्यासाठी चित्रकार जवळजवळ कोरडा केलेला कुंचला कागदावरून ओढतात, म्हणजे शाई तुटक तुटक उमटते आणि खरबरीत पोत तयार होतो. दगडाचे वेस्टर्न आणि मातीचे वेस्टर्न यांतला हा फरक केवळ भूगोलाचा नाही, कारण दगड कायमचा वाटतो, तर गाळाची जमीन एखाद्या पावसात झिजते आणि बांध घातला तर सावरूही शकते हे शेतकऱ्याला माहीत असते. आणि चंबळचा दरोडेखोर हाही त्याच शेतकऱ्याच्या घरातून निघालेला असतो.

याहून महत्त्वाची बाब पानाच्या रचनेची आहे, आणि या ठिकाणी गोविंदांचे काम त्याच मालिकेतील पाश्चात्त्य कामांपेक्षा स्पष्टपणे पुढे जाते. वेताळ, मँड्रेक, रिप कर्बी यांच्या कथा मुळात दैनिकांसाठी काढलेल्या होत्या. रोजच्या पट्टीला स्वतःची शिस्त असते. पहिली चौकट काल काय झाले ते सांगते, मधली गोष्ट पुढे नेते, शेवटची उद्यासाठी उत्कंठा ठेवते. इंद्रजालच्या उभ्या पानात बसवताना या पट्ट्या कापल्या जात, चौकटी वाढवल्या किंवा छाटल्या जात, पुनरुक्ती गाळली जाई, आणि अशा जोडकामात मूळ चित्रकाराने आखलेला तोल अनेकदा हरवे. वेताळ काढणाऱ्या विल्सन मकॉय यांच्यासारख्या साध्या, जवळजवळ भाबड्या रेषेच्या चित्रकाराला त्याची झळ कमी लागली. परंतु रिप कर्बीचे निर्माते अ‍ॅलेक्स रेमंड यांची आणि १९५६ मध्ये रेमंड अपघातात गेल्यावर ती पट्टी पुढे चालवणाऱ्या जॉन प्रेंटिस यांची रचना चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्याचा हिशेब ठेवणारी असल्यामुळे ती छाटली की उणी पडे. बहादूर मात्र थेट पुस्तकाच्या पानासाठीच काढला गेला. चित्रकाराला पूर्ण पान एका नजरेत मांडता येत होते. कुठे तीन छोट्या चौकटींत श्वास रोखून धरायचा आणि कुठे एक मोठी चौकट देऊन तो सोडायचा, हा निर्णय त्याचा होता. वाचक एका अंकात वेताळ आणि पुढच्या अंकात बहादूर वाचत असताना त्याला पानाच्या चालीतला हा बदल शब्दांत सांगता आला नसेल, पण बहादूरच्या अंकात गोष्ट अधिक सलग वाहते असा जो अनुभव येतो त्याचे मोठे कारण हेच आहे.

त्यातही एक बंधन होते. एकच चित्र अनेक भाषांत छापायचे असल्यामुळे संवादाच्या फुग्यांना पुरेशी जागा आधीच ठेवावी लागे, आणि देवनागरीला तर रोमन लिपीपेक्षा उंच ओळ हवी असते, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. ज्या चित्रकाराने हे आधी ओळखले नाही त्याच्या चौकटीत फुगा चेहऱ्याच्या कपाळावर येऊन बसतो. परदेशी पट्ट्यांच्या मराठी आवृत्तीत असे दाटलेले फुगे दिसतात. बहादूरमध्ये जागा पुरेशी असते, आणि ती बहुधा वरच्या बाजूला, आकाशाच्या भागात सोडलेली असते, त्यामुळे खालची माणसे आणि जमीन झाकली जात नाही.

चेहऱ्यांविषयी दोन शब्द पुरेसे आहेत, कारण जे येथे साधले आहे ते पाहताच कळते. पाश्चात्त्य साहसकथेत एतद्देशीय माणसे बहुधा एका साच्यातून काढलेली असत. स्लीमनच्या काळच्या ठगांच्या चित्रांतही तीच रीत दिसते, पगड्या आणि मिशा बदलतात पण नजर एकच राहते. गोविंदांच्या गावकऱ्यांना वये आहेत, दमणूक आहे, फेटा बांधण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत, आणि खलनायकाचा चेहराही शेजारच्या आळीत दिसावा असा असतो. बहादूरच्या बापाचा मार्ग आणि बहादूरचा मार्ग यांत फरक निवडीचा आहे, जातीच्या किंवा रक्ताच्या ठेवणीचा नाही, हे कथा सांगते. चित्रे ते न सांगता मान्य करतात. वेस्टर्न हा मुळात रिकाम्या भूमीवर बाहेरून आलेल्या कायद्याचा प्रकार आहे, आणि ती भूमी रिकामी दिसावी म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांना चित्राच्या कडेला ढकलले जाते. त्या प्रकाराचे घोडे, बंदुका, घात आणि पाठलाग सारे ठेवून भूमी मात्र माणसांनी भरलेली दाखवणे, आणि कायदा त्याच माणसांच्या हातून उगवताना दाखवणे, हे गोविंदांनी रेषेने केले, आणि हे काम कथेइतकेच मोलाचे आहे.

पुढे बहादूरची चित्रे प्रमोद ब्राह्मणिया यांनी आणि लेखन जगजीत उप्पल यांनी केले. मालिका शहरी गुन्हेगारीकडेही वळली, आणि बेहडाची ती कोंदट, उभी चौकट हळूहळू मागे पडली. या नंतरच्या काळाची चित्रे स्वच्छ आणि चपळ आहेत, परंतु आरंभीच्या अंकांतली मातीची जाणीव त्यांत तेवढ्या प्रमाणात नाही, आणि म्हणून गोविंदांच्या कामाचा अभ्यास व्हायचा असेल तर तो पहिल्या काही वर्षांच्या अंकांपासून सुरू व्हायला हवा. अभ्यासाची एक साधी रीत अशी की संवादांचे फुगे कागदाच्या तुकड्यांनी झाकावेत आणि पान केवळ चित्रांच्या आधारे वाचावे. कोण कुठून आला, कोण घाबरले, दिवसाचा कोणता प्रहर आहे, किती अंतर उरले, हे शब्दांशिवाय कळते की नाही ते पाहावे. बहादूरच्या पानांचा बराच भाग या कसोटीला उतरतो.

गोविंदांचे दुसरे मोठे काम तर आणखीच नकळत राहिले आहे. इंद्रजालची अनेक मुखपृष्ठे, त्यांत वेताळाचीही, त्यांनीच रंगवली होती. आतली चित्रे मकॉय किंवा साय बॅरी यांची असत, परंतु दुकानात टांगलेल्या अंकाकडे हात ज्यामुळे वळे ते चित्र मुंबईतल्या या माणसाच्या रंगांतले असे, आणि त्यात काळ्या शाईच्या बाह्यरेषेऐवजी रंगांच्याच थरांनी घडवलेले शरीर, दाट हिरव्या झाडीतून येणारा पिवळा उजेड आणि खऱ्या घोड्याचे वजन असे. कितीतरी मराठी वाचकांच्या मनातला वेताळ हा डेंकाली या कल्पित देशाच्या जंगलातला असला तरी त्या जंगलाची पाने, त्यातला प्रकाश आणि त्यातली सावली गोविंद ब्राह्मणियांनी दिलेली आहे. त्या मुखपृष्ठांची चित्रकाराच्या नावासह वर्षवार सूची मराठीत होणे हे आता पहिले काम आहे, आणि ती करणाऱ्याला बहादूरच्या अंकांची सूचीही त्याच वहीत ठेवावी लागेल, कारण दोन्हींतला हात एकच आहे.